सात दिवसांचं तेल, वर्षाचं लुगडं

"काकू, गेल्या सात दिवसांत गोडेतेल किती लागलं?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडच्या कापूसकरी घरात सर्वेक्षकानं असं विचारलं की आधी हसू फुटतं. "कोन मोजते जी? सरलं का आनतो." मग रिकामी पाकिटं आठवतात, पाहुणे कधी आले होते ते आठवतं आणि टॅबवर एक आकडा पडतो.

केंद्राचं घरगुती उपभोग-खर्च सर्वेक्षण असंच घडतं. तेल, भाजी, मटण यांची चौकशी सात दिवसांची, धान्य-डाळींची तीस दिवसांची. कपडे, शिक्षण, मोटरसायकल यांची वर्षाची. 2022-23 पासून सर्वेक्षक एकाच घरी तीन वेगवेगळ्या महिन्यांत जातो. पूर्वी सगळं एका बैठकीत उरकायचं. सांगणारा शेवटाकडे कंटाळायचा.

वर्षाची मुदत इथे फार कामाची. पैसा महिन्याला नाही, कापसाबरोबर येतो. कपडालत्ता आणि दुकानाची उधारी तोवर तुंबलेली असते.

खरी गंमत पुढे आहे. बियाणं, खत, फवारणी, निंदणाची मजुरी हा डोईजड खर्च कोष्टकात बसतच नाही, तो उत्पादनखर्च. सावकाराचं व्याजही बाहेर. उलट घरच्या तुरीची डाळ पदरचा पैसा न मोडता खाल्ली, तरी तिची किंमत लावून ती खर्चात धरतात.

तालुक्याचा वेगळा आकडा यातून निघत नाही. ग्रामीण भारताचा निघतो: 1999-2000 मध्ये घरखर्चाच्या शंभरातले 59 रुपये खाण्यावर जात, 2022-23 मध्ये 46. त्यात धान्याचा वाटा 22 वरून 5 च्या आसपास आला. लोक दूध, फळं, बाहेरचं खाणं जास्त घेऊ लागले हे खरं, पण काही श्रेय रेशनला द्यायला हरकत नसावी. रेशनचं फुकट धान्यही हिशेबात यावं म्हणून 2022-23 च्या अहवालात ग्रामीण माणशी मासिक खर्चाचे दोन आकडे आहेत: 3,773 रुपये, आणि सरकारकडून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून 3,860.

यवतमाळात हा हिशेब आणखी गुंततो. विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना 2023 पासून धान्याऐवजी सुरुवातीला माणशी महिना 150 रुपये खात्यात देण्याचं ठरलं. शेजारच्या अंत्योदय घरातला फुकट गहू दुसऱ्या आकड्यात वेगळा दिसतो. केशरी कार्डवाल्यानं त्या दीडशे रुपयांतून दुकानातून आणलेला गहू मात्र पहिल्याच आकड्यात, सरळ घरखर्च म्हणून मोजला जातो.