तिखटाची वंशावळ

मिरचीवाचून मराठी स्वयंपाकघराची कल्पनाही आज कोणास करवत नसली, तरी ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्यास उतरली आणि त्यापूर्वी आपले पूर्वज मिरी, पिंपळी व आले यांवरच तिखटाची हौस भागवीत होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. या परदेशस्थ वनस्पतीने येथे अल्पावधीत असे वतन मिळविले, की लवंगी, संकेश्वरी, विदर्भातील भिवापुरी आणि शेजारच्या कर्नाटकातील ब्याडगी अशी तिची स्वतंत्र घराणी निर्माण झाली. आणि ज्याला घरच्या बागेत मिरची लावावयाची आहे त्याने प्रथम या घराण्यांचा विचार करावा, कारण झाडाचा तिखटपणा खतापाण्याने थोडाफार कमीजास्त होत असला, तरी मुख्यतः तो बियांतून उतरणारा वारसा आहे. बाजारातून आणलेल्या तयार रोपाच्या कुळाची खातरजमा करण्याचा मार्ग बहुधा नसतो. म्हणूनच मला बियांपासून आरंभ करणे अधिक श्रेयस्कर वाटते.

बी स्वयंपाकघरातल्या डब्यातूनही घेता येते. मात्र ती मिरची झाडावर पूर्ण लाल झालेली, न भाजलेली आणि फार तर गेल्या हंगामातली असावी. हिरव्या मिरचीचे बी अपक्व, आणि जुन्या बियांची उगवणशक्ती वर्षागणिक क्षीण होत जाते. संकरित वाणाच्या फळातले बी लावल्यास मात्र संतती आईबापांच्या वळणावर जाईलच, असा भरवसा कोणी धरू नये.

पावसाळी लागवडीसाठी मे-जूनमध्ये बी टाकण्याची वहिवाट आहे. गाळलेली माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू यांच्या मिश्रणात बी अर्धा सेंटिमीटर खोल, विरळ पेरावे. तपमान २५ ते ३० अंशांच्या दरम्यान राहिले, तर आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. थंडीत पेरलेले बी दुप्पट दिवस घेते, आणि उतावळा माणूस ते मेले असे समजून कुंडी उकरून ठेवतो. अंकुर प्रथम वाकलेल्या देठाच्या कमानीसारखा वर येतो, मग ताठ होतो, आणि पुष्कळदा त्याच्या दोन कोवळ्या दलांवर बियांचे टरफल टोपीप्रमाणे अडकून राहते. ते नखाने ओढण्याचा मोह अनावर असतो. परंतु ओढताच बहुधा दलेही तुटून हाती येतात. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून टरफल मऊ पडू द्यावे, हेच शहाणपणाचे.

या वयात रोपांचा खरा शत्रू कीड नसून मालकाची माया असते. वारंवार पाणी घातल्याने माती सतत ओलीगच्च राहिली, की जमिनीलगत देठ पाणावल्यासारखे बारीक होते आणि काल टवटवीत असलेले रोप आज आडवे पडलेले आढळते. हा बुरशीचा प्रताप असून पडलेले रोप उठत नाही. वरची माती सुकू देणे, गर्दी कमी करणे आणि हवा खेळती ठेवणे हाच त्यावरील बंदोबस्त होय.

पाच-सहा आठवड्यांनी, रोप वीतभर झाले म्हणजे, सायंकाळच्या वेळी बारा इंची कुंडीत त्याची पुनर्लागवड करावी. पुढे पानांकडे लक्ष असावे. शेतकरी ज्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात त्या विकारात पाने वरच्या बाजूस वळली तर बहुधा फुलकिडे, आणि खालच्या बाजूस वळली तर कोळी, असे समजून निंबोळी अर्क फवारावा. विषाणूने ग्रासलेले झाड मात्र भीड न धरता उपटून टाकावे. भर उन्हाळ्यात फुले गळतात त्याचा दोष कोणाच्या नजरेला देण्याचे कारण नाही. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फळधारणाच मंदावते.

तिखट बियांत असते, हा समज सार्वत्रिक असला तरी निराधार आहे. कॅप्सेसिन नावाचे ते द्रव्य बी जिला चिकटलेले असते त्या आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होते, आणि बियांना केवळ त्याचा संसर्ग घडतो. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे मिरच्या चिरलेल्या हातांस प्रथम तेल चोळून मग साबण लावावा. पक्ष्यांना या द्रव्याची आग जाणवत नाही. मिरच्या खाऊन ते दूरवर अखंड बी टाकतात, तर सस्तन प्राण्यांच्या दाढांखाली ते चिरडले जाते. तेव्हा हा दाह म्हणजे निसर्गाने प्रवासी निवडण्याची केलेली तजवीजच म्हणावी लागेल.

पुढील वर्षासाठी बी राखणाऱ्याने एक दक्षता घ्यावी. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळ धरते खरे, परंतु मधमाश्यांच्या कृपेने परागसंकरही बराच होतो. शेजारी लवंगी असल्यामुळे या वर्षीची भोपळी मिरची तिखट होत नाही, कारण फळाचा गर व शिरा ही आईचीच काया. पण त्या फळातल्या बियांत मिश्र कुळ शिरलेले असू शकते, आणि तिखटपणाचा गुण प्रभावी असल्याने पुढच्या वर्षी भरली भोपळी खाणाऱ्याची तारांबळ उडते. म्हणून निवडलेल्या फांदीवरील कळ्या उमलण्यापूर्वीच मलमलीच्या पिशवीत बांधाव्यात, अधूनमधून फांदी हलकेच हलवावी, फळ धरताच पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा, आणि ते फळ पूर्ण लाल झाल्यावर त्याचे बी सावलीत सुकवून कोरड्या बाटलीत, वाणाचे नाव व साल लिहून, जपून ठेवावे.