इंग्रजी वर्णविन्यास

इंग्रजी शब्द लिहिताना होणारी रोमन अक्षरांची रूढ व मान्य जुळणी. व्यवहारात तिला ‘स्पेलिंग’ असे म्हणतात. दक्षिण इंग्लंडमधील प्रमाण मानलेल्या उच्चारात सु. ४४ स्वनिम आहेत. ते २६ अक्षरांत लिहावे लागतात. तथापि लेखन व उच्चार यांतील विसंगतीचे हे एकच कारण नव्हे. शब्दाचा प्रचलित उच्चार नोंदविण्यापेक्षा त्याचा इतिहास जपण्याकडे या वर्णविन्यासाचा कल आहे. मात्र हा इतिहासही सर्वत्र विश्वसनीय नसतो.

प्राचीन इंग्रजीचे लेखन बरेचसे उच्चारानुसारी होते. ‘नाइट’ (सरदार) या शब्दाचा मूळ अर्थ ‘मुलगा, सेवक’ असा असून त्याच्या आरंभीचा ‘क्’ व मधला घर्षक ध्वनी हे दोन्ही उच्चारले जात. हे ध्वनी पुढे लोपले. अक्षरे मात्र टिकली. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर लेखनिकांनी फ्रेंच लेखनरीती आणली व ‘क्वीन’ (राणी) हा अस्सल इंग्रजी शब्दही ‘क्यू-यू’ या अक्षरांनी लिहिला जाऊ लागला. विल्यम कॅक्स्टन (सु. १४२२–९१) याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय काढले. मुद्रणामुळे लेखन हळूहळू स्थिरावत असतानाच दीर्घ स्वरांचे उच्चार पालटत होते. ‘टाइम’मधील स्वर पूर्वी ‘ई’सारखा होता. जुन्या उच्चाराचे लेखन नव्या उच्चाराला चिकटून राहिले, ते असे.

प्रबोधनकाळातील विद्वानांनी लॅटिनच्या आदरापोटी काही शब्दांत नवी अक्षरे घातली. फ्रेंचमधून आलेल्या ‘डेट’ (ऋण) या शब्दात लॅटिन ‘डेबितुम’च्या आधारे अनुच्चारित ‘बी’ आला. येथे व्युत्पत्ती तरी खरी आहे. ‘आयलंड’ (बेट) मधील ‘एस्’ मात्र चुकीच्या समजुतीचा अवशेष आहे. हा शब्द जर्मानिक असून त्याचा लॅटिन ‘इन्सुला’शी संबंध नाही, ‘इन्सुला’पासून आलेल्या ‘आइल’ या शब्दाच्या सादृश्याने ते अक्षर त्यात शिरले.

सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) याच्या १७५५ च्या शब्दकोशाने ब्रिटिश लेखनाला स्थैर्य दिले. ‘कलर’सारखे शब्द फ्रेंचमार्गे आले, म्हणून त्यांतील ‘यू’ त्याने राखला. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर (१७५८–१८४३) याने सुलभता व राष्ट्रीय स्वातंत्र्य या भूमिकेतून तो गाळला. त्यामुळे हा शब्द लॅटिन रूपाशी जुळला. दोन्ही रूपांना इतिहासाचा आधार आहे. ‘म्यूझिक’च्या अखेरचा ‘के’ वेब्स्टरने गाळला व तो ब्रिटनमध्येही गळाला. जीभ या अर्थाच्या ‘टंग’चे त्याने सुचविलेले सुलभ रूप मात्र अमेरिकेतही रुजले नाही. ‘-आइझ’ या प्रत्ययातील ‘झेड’ हे केवळ अमेरिकन वैशिष्ट्य समजणेही योग्य नाही. ग्रीक मूळ लक्षात घेऊन ऑक्सफर्डचे कोश त्यालाच प्राधान्य देतात.

भारतीय भाषांतून गेलेल्या शब्दांची रूपे दीर्घकाळ अस्थिर होती. यूल व बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या कोशात अशी अनेक पर्यायी रूपे नोंदलेली आहेत. मराठी ‘मुंगूस’ इंग्रजीत ‘मंगूस’ झाला व त्याचा उत्तरार्ध हंस-बदकवर्गीय पक्ष्याच्या ‘गूस’ या नावाप्रमाणे लिहिला जाऊ लागला. अर्थाचा संबंध नसल्याने अनेकवचन मात्र सामान्यतः ‘गीस’ असे न होता ‘मंगूसेस’ असेच होते.

सुधारणेचे प्रयत्न वारंवार झाले. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्दांची सुलभ रूपे शासकीय मुद्रणात वापरण्याचा आदेश दिला. परंतु प्रतिनिधिगृहाच्या विरोधामुळे तो मागे पडला. जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६–१९५०) यांच्या मृत्युपत्रानुसार सिद्ध झालेल्या स्वतंत्र वर्णमालेत त्यांचे एक नाटक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ती वर्णमालाही रूढ झाली नाही. उच्चारानुसारी लेखन करावयाचे, तर लंडन, एडिंबरो, शिकागो वा मुंबई यांपैकी कोणाचा उच्चार प्रमाण मानावा, हा प्रश्न सुटत नाही. शिवाय ‘साइन’मधील मूक ‘जी’ हा ‘सिग्नल’ व ‘सिग्नेचर’ यांच्याशी असलेले त्याचे नाते दाखवितो. तो गाळल्यास ते नाते दृष्टिआड होईल. या लाभाची किंमत प्रत्येक नव्या अध्येत्याला पाठांतराच्या श्रमांनी मोजावी लागते, हेही तितकेच खरे. म्हणून वर्णविन्यास हा शब्दाच्या मूळाचा साक्षीदार मानावा. पण त्याची साक्ष जुन्या लेखनाशी ताडून पाहिल्याशिवाय ग्राह्य धरू नये.