नाव नसलेल्या कलेचा खर्च कोणी सोसावा?

कलेचे मोल बाजारानेच ठरवावे असे मानणाऱ्यांना लॉरी अँडरसन यांचे उदाहरण सोयीचे वाटेल. १९८१ साली ‘ओ सुपरमॅन’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका ब्रिटनमधील खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. ‘हा’ या एकाच अक्षराच्या आवर्तनावर उभी असलेली ही आठ मिनिटांची रचना लोकांनी विकत घेतली, आणि वॉर्नर ब्रदर्ससारख्या बलाढ्य कंपनीने या अमेरिकी कलावतीशी करार केला. अनुदानाचा प्रश्नच कोठे उरतो?

वस्तुतः तो येथेच सुरू होतो. ही ध्वनिमुद्रिका प्रथम एका लहानशा संस्थेने मोजक्या प्रतींत काढली होती व तिच्यामागे राष्ट्रीय कला निधीचे, म्हणजे अमेरिकी करदात्याचे, अल्पसे अनुदान होते. त्याआधीची वर्षे तर बाजाराच्या हिशेबात बसणारीच नव्हती. शिल्पकलेची पदवी घेतलेल्या अँडरसन १९७४-७५ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या आणि पुढे इटलीतील जेनोआच्या रस्त्यांवर बर्फाच्या लाद्यांत गोठविलेले स्केट पायांत घालून व्हायोलिन वाजवीत. बर्फ वितळला की प्रयोग संपे. याला तिकीट कोठे आणि कसे लावणार? १९७७ मध्ये त्यांनी गजाला घोड्याच्या केसांऐवजी ध्वनिफीत लावली व व्हायोलिनच्या घोडीवर ती वाचणारे यंत्र बसविले. गज फिरला की शब्द उमटत, उलट फिरला की उलटे. हे संगीत, शिल्प की नाट्य? अनुदानाच्या अर्जातील कोणत्या रकान्यात ते भरायचे?

बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच दाखवून दिले होते की, कारखान्यातील उत्पादकता वाढते तशी रंगमंचावरची वाढत नाही. चौघांचे वादन पूर्वी जितका वेळ घेई तितकाच आजही घेते, वेतने मात्र वाढत राहतात. ध्वनिमुद्रिकेच्या हजारो प्रती निघतात हे खरे. पण १९८३ मध्ये ब्रुकलिन येथे ‘युनायटेड स्टेट्स’ हा सुमारे आठ तासांचा प्रयोग अँडरसन यांना दोन रात्री उभे राहूनच करावा लागला.

जनतेच्या पैशाने असले चाळे का पोसावेत, हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. पुष्कळशी अनुदाने वाया जातात. तथापि, कोणते वाया जाईल हे आगाऊ कळत नाही, आणि यशाची खात्री पटल्यावर पुढे येणारा भांडवलदार हा धोका पत्करीत नसतो. म्हणून रक्कम लहान असावी, घेणारे अनेक असावेत, आणि कलेचे नाव विचारण्याची घाई नसावी.

२०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न या विनामूल्य प्रवेशाच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. तेथील एका दालनाच्या भिंती आणि जमीन त्यांनी काळ्यावर पांढऱ्या शब्दांनी व आकृत्यांनी भरून टाकली होती. ती खोली विकत घेऊन कोणाला घरी नेता आली नसती. लोक तिच्यावरून चालत गेले.