काम दुसऱ्याचं, 'स्व' कोणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण ऑब्जेक्टची ओळख करून घेतली: स्वतःचे गुण, म्हणजे ॲट्रिब्यूट्स, आणि स्वतःच्या कृती, म्हणजे मेथड्स, बाळगणारी वस्तू. वैशेषिकांचं द्रव्य काहींना आठवलं असेल. आज त्यातल्या 'स्वतःचे' या शब्दाकडे जरा संशयाने बघू, कारण ऑब्जेक्ट आपलं म्हणून जे दाखवतं त्यातलं बरंचसं उसनं असतं.

पायथन भाषेतलं उदाहरण घ्या. 'विद्यार्थी' नावाचा क्लास आहे आणि क्लासवरच 'शेरे' नावाची रिकामी यादी ठेवली आहे. एखाद्या विद्यार्थ्याचे शेरे मागितले, की पायथन आधी त्या ऑब्जेक्टच्या खिशात बघतो. तिथे नसतील तर क्लासकडे, मग क्लासच्या पूर्वजांकडे जातो. लिहिताना मात्र तो वर जात नाही. नवी यादी नेमली तर ती त्या ऑब्जेक्टच्याच खिशात पडते. पण नवी न नेमता आहे त्याच यादीत एक शेरा जोडला तर? यादी शोधताना पायथन वर गेला, वरची सामायिक यादी हाती आली, जोडणी तिच्यात झाली. शेरा एकाला दिला, लागला सगळ्यांना! म्हणून अशी यादी ऑब्जेक्ट जन्माला येतानाच त्याची त्याला द्यावी. हे झालं गुणांचं.

कृतींचं प्रकरण जास्त खोल आहे.

समजा, 'खातं' नावाचं ऑब्जेक्ट आहे. त्याची 'पैसे काढ' ही मेथड आधी 'चालेल का?' ही आपलीच दुसरी मेथड विचारते आणि मगच रक्कम वजा करते. शिल्लक पुरेशी असली की उत्तर 'हो'. आता काही खात्यांवर दिवसाला 10,000 रुपयांची मर्यादा घालायची आहे. मूळ खात्याला हात न लावता आपण त्याच्याभोवती 'मर्यादित खातं' उभं करतो. त्यात फक्त 'चालेल का?' नव्याने लिहितो. बाकी जे मागितलं जाईल ते आत पाठवायचं. पायथनमध्ये याची सोय आहे. नेहमीचा शोध संपूनही काही सापडलं नाही, तरच 'गेट-ॲट्र' ही खास मेथड बोलावली जाते. तिच्यात एक ओळ लिहिली की झालं, असं वाटतं.

आता बाहेरच्या खात्याला सांगा, 50,000 काढ. 'पैसे काढ' बाहेर नाही, म्हणून निरोप आत गेला. आतली मेथड सुरू झाली आणि तिने विचारलं, 'चालेल का?' कोणाला विचारलं? स्वतःला. आणि या क्षणी 'स्व' म्हणजे आतलं खातं! त्याला मर्यादेचा पत्ताच नाही. शिल्लक आहे ना, मग हो. पैसे गेले, आणि प्रोग्रॅमने कसलीही तक्रार केली नाही.

एमआयटीचे हेन्री लिबरमन यांनी 1986 सालच्या एका निबंधात या प्रश्नाचा नीट विचार केला आहे. त्यांच्या मते डेलिगेशन म्हणजे नुसता निरोप पुढे ढकलणं नव्हे. निरोपासोबत तो मुळात कोणाला आला होता हेही कळवायचं, म्हणजे मदतनीसाने 'स्वतःला' काही विचारलं तर प्रश्न मूळ ऑब्जेक्टकडे परत यावा. कचेरीतला कारकून अर्ज पुढच्या टेबलावर सरकवतो, तो एक प्रकार. मुखत्यार सही करतो ती मात्र मूळ मालकाच्या वतीने असते, हा दुसरा. पाणिनीनेही करवून घेणाऱ्याला कर्ता ही संज्ञा दिली आहे, हे जाता जाता सांगतो.

याच निबंधात लिबरमन आमच्या क्षेत्रातला एक जुना वादही उकरतात: सामान्य आधी की व्यक्ती आधी? हत्ती-जात मनात धरून हत्ती ओळखायचा, की पाहिलेला एक हत्ती नमुना म्हणून धरायचा? ते नमुन्याच्या बाजूचे. 1987 साली डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी 'सेल्फ' नावाची भाषा मांडली, तिच्यात क्लास नाहीतच. सगळा कारभार नमुन्यांवर आणि डेलिगेशनवर. तिथून ही कल्पना 1995 मध्ये जावास्क्रिप्टमध्ये आली. तिथे नमुन्यावरची मेथड चालली तरी 'धिस' हा, निरोप ज्याला दिला, तोच राहतो.

मग पायथनवाल्यांनी काय करावं? एका श्रोत्याने सुचवलं, की 'मर्यादित खातं' हा 'खातं'चा वारसदार क्लास करा. बरोबर आहे; मग 'स्व' बाहेरचाच राहतो आणि मर्यादा पाळली जाते. पण दुसऱ्या कोणी आधीच बनवून दिलेलं खातं हाती असेल, तर वारसा कामाचा नाही, वेष्टनच घालावं लागतं. अशा वेळी 'पैसे काढ' बाहेरही लिहायची, मर्यादा तिथेच तपासायची आणि मग निरोप आत पाठवायचा. आम्हाला हा मार्ग पटतो, पण तो निर्धोक नाही. उद्या मूळ खात्यात 'वर्ग कर' नावाची नवी मेथड आली आणि तीही आतल्या आत 'चालेल का?' विचारू लागली, तर बाहेर तिची दखल कोणी घेतलेली नसेल. 'गेट-ॲट्र' तिला मुकाट्याने आत सोडेल.