कॅसेटमधून येणारा खेळ
घरातले पहिले संगणक : लेखांक ५

स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर वाढलेल्या, आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या ब्रिटिश माणसाला जुन्या गेम्सबद्दल विचारलं, तर बोलणं फार लवकर एका आवाजावर येतं. आधी लांबलेला एकसुरी ‘टूऽऽऽ’, क्षणभर शांतता, पुन्हा तोच सूर, आणि मग खरखरीत, कर्कश किरकिर. हा आवाज चार-पाच मिनिटं चाले आणि शेवटी पडद्यावर खेळ उभा राही. इतका कानाला बोचणारा आवाज लोक एवढ्या मायेनं का आठवतात, हे समजून घ्यायचं तर त्या आवाजात काय होतं ते आधी बघायला हवं.

क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. वीज बंद केली की ही मेमरी कोरी होई. फ्लॉपी ड्राइव्ह घ्यायचा तर तोच संगणकापेक्षा महाग. कॅसेट प्लेअर मात्र बहुतेक घरांत आधीपासून होता. त्यामुळे प्रोग्रॅम ठेवायला गाण्यांचीच कॅसेट वापरायची असं ठरलं. ध्वनी साठवणाऱ्या फितीवर आकडे ठेवायचे, तर आकड्यांचा ध्वनी करणं भाग होतं.

तो असा केला. शून्य म्हणजे आखूड लाट आणि एक म्हणजे बरोबर तिच्या दुप्पट लांबीची लाट. शून्याचा सूर साधारण २००० हर्ट्झचा, एकाचा १००० हर्ट्झचा. प्रोग्रॅमात शून्य आणि एक यांची सरमिसळ असल्यामुळे दोन्ही सूर एकमेकांत घुसत आणि ती किरकिर तयार होई. आधीचा लांब ‘टू’ सुमारे ८०० हर्ट्झचा. त्यात माहिती काहीच नसे. फीत स्थिर वेगानं फिरू लागली आहे आणि पुढे काहीतरी येतंय, एवढं संगणकाला कळावं म्हणून तो सूर. पहिल्या सुरानंतरच्या छोट्या तुकड्यात प्रोग्रॅमचं नाव आणि लांबी असे, दुसऱ्यानंतर प्रत्यक्ष प्रोग्रॅम. सेकंदाला सरासरी १५०० बिट आत जात. या हिशेबानं ४८ केबी भरायला सव्वाचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो.

हे ऐकण्याचं काम करायला स्पेक्ट्रममध्ये वेगळी चिप नव्हती. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर स्वतःच कान लावून बसे. लाट वरून खाली गेली का, खालून वर आली का, मधे किती वेळ गेला, हे तो अखंड मोजत राही. तेवढ्या वेळात दुसरं काहीही करण्याची त्याला सवड नसे. पण प्रत्येक वेळी लाट पलटली की तो एक छोटी गोष्ट करी, पडद्याच्या कडेचा रंग बदली. लांब सुराच्या वेळी कडेला लाल आणि आकाशी रंगाचे रुंद पट्टे सरकत. माहिती सुरू झाली की निळ्या-पिवळ्या बारीक रेघांची धावपळ.

मला स्पेक्ट्रममधली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. आज आपल्या फोनवर गोल फिरणारं चिन्ह दिसतं, तेव्हा आत काम चालू आहे की सगळं अडकलंय, हे त्या चिन्हाकडे बघून सांगता येत नाही. स्पेक्ट्रमच्या कडेचे पट्टे हा खराखुरा सिग्नल होता. फितीवर जे होतं तेच रंगात दिसत होतं आणि तेच कानावर पडत होतं. पट्टे थांबले तर फीत अडकली, रेघा फाटल्यासारख्या झाल्या तर आवाज कमी-जास्त करायला हवा, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळे. सूर बोदा येत असेल तर कॅसेट प्लेअरच्या हेडचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून तो स्वच्छ होईपर्यंत जुळवायचा. वाद्य लावणारा कान जे करतो तेच हे काम, आणि हजारो मुलं ते आपापल्या खोलीत शिकली.

चूक झाली तर मात्र माफी नव्हती. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आधीच्या सगळ्या बाइटांचा ताळा घेणारा एक बाइट असे. मधे एक बिट जरी उलटा वाचला गेला, तरी ताळा जुळत नसे आणि ‘आर टेप लोडिंग एरर’ असा संदेश येई. पुन्हा फीत मागे, पुन्हा पहिल्यापासून.

ही वाट बघणं सुसह्य व्हावं म्हणून बहुतेक गेम्समध्ये सुरुवातीलाच एक चित्र येई. तेही विचित्र क्रमानं उमटे. पडद्याच्या वरच्या एक तृतीयांश भागात आधी आठ बारीक रेघा, दर दोन रेघांमध्ये सात रेघांची मोकळी जागा. मग त्यांच्या खालच्या आठ, असं करत तो भाग भरला की मधला एक तृतीयांश भाग. अक्षरं भराभर काढता यावीत म्हणून मेमरीची मांडणीच तशी केली होती. २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचं चित्र आधी काळं-पांढरं पूर्ण होई. त्यानंतर शेवटचे ७६८ बाइट येत आणि चारेक सेकंदांत वरून खाली रंग भरत जात.

माहिती म्हणजे नुसता ध्वनी, म्हटल्यावर तो रेडिओवरूनही पाठवता येतो. नेदरलँड्समध्ये ‘हॉबीस्कोप’ या कार्यक्रमानं हे केलं आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांना समजेल अशी ‘बेसिकोड’ नावाची सामाईक पद्धत वापरली. युगोस्लाव्हियात बेलग्रेड रेडिओच्या ‘व्हेंटिलेटर २०२’ या कार्यक्रमातून प्रोग्रॅम प्रसारित होत. घरी बसलेले श्रोते ते कॅसेटवर उतरवून घेत. सीमाशुल्काच्या नियमांमुळे परदेशी संगणक मिळवणं तिथं अवघड होतं. म्हणून व्होया अँतोनिच यांनी १९८३मध्ये ‘गॅलक्सिया’ हा घरीच जोडता येणारा संगणक तयार केला होता, आणि त्याच्यासाठी हवेतून येणारे हे प्रोग्रॅम फार मोलाचे होते.

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत कॅसेट आली ती भावगीतं, कीर्तनं आणि सिनेमाची गाणी घेऊन.

आता प्रश्न आहे या फिती टिकवण्याचा. चुंबकीय थर झिजतो, ठसा क्षीण होतो. त्यामुळे हौशी मंडळी जुन्या कॅसेट वाचून त्यांच्या फायली करून ठेवत आहेत. फक्त बाइट ठेवणारी ‘टॅप’ ही साधी पद्धत पुष्कळ गेम्सना पुरते. पण चोरटी नकल रोखण्यासाठी काही कंपन्यांनी लाटांची लांबी आणि पट्ट्यांचे रंगही आपल्या मनानं बदलले होते. अशा कॅसेटचे नुसते बाइट ठेवले तर मूळ फितीचं वागणं हरवतं. म्हणून ‘टीझेडएक्स’ या पद्धतीत लाटांची लांबीसुद्धा नोंदवून ठेवता येते. आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल चालवणारे प्रोग्रॅम असे खेळ डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू करू शकतात. तरी ते पट्टे आणि ती किरकिर मूळ वेगानं अनुभवण्याची सोय त्यांत आवर्जून ठेवलेली असते, आणि माझ्या मते ती ठेवायलाच हवी.

पुढच्या लेखांकात मॅथ्यू स्मिथ यांचा १९८३चा ‘मॅनिक मायनर’ पाहू. एका वेळी एकच काम करू शकणाऱ्या याच प्रोसेसरकडून त्यांनी खेळ आणि संगीत दोन्ही एकत्र कसं करवून घेतलं, ते त्यात येईल.