जन्मकुंडलीतील चंद्र : स्वीकार आणि रूपांतर

मराठी घरात ‘तुझी रास कोणती?’ असे विचारले जाते, तेव्हा जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या राशीत होता एवढेच विचारलेले असते. सूर्याचा उल्लेख प्रश्नात नसतो आणि उत्तरातही नसतो. इंग्रजी वृत्तपत्रांतील राशिभविष्याची प्रथा मात्र सूर्यावर उभी आहे. 1930 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘संडे एक्स्प्रेस’मध्ये आर. एच. नेलर यांनी राजकन्या मार्गारेटचे जातक वर्तवले. त्या सदराच्या लोकप्रियतेतून पुढे जन्मतारखेवरून रास ठरवण्याची सोपी पद्धत रूढ झाली. सूर्य एका राशीत सुमारे महिनाभर राहतो, त्यामुळे तेथे केवळ तारीख पुरते. चंद्र सव्वादोन दिवसांत रास ओलांडतो. तारखेबरोबर वर्ष आणि पुष्कळदा वेळही हाती असल्याशिवाय त्याची रास सांगता येत नाही. एकाच शब्दाने दोन संस्कृतींत दोन वेगळ्या ज्योतींचा निर्देश व्हावा, हा योगायोग नाही. बारा राशींचे फलज्योतिष भारतात बाहेरून आले, ही गोष्ट आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. ते आल्यानंतर येथे कोणत्या जागी रुजले आणि रुजताना कसे बदलले, हे पाहण्यासाठी चंद्राइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही.

राशींच्या पुष्कळ आधी येथे नक्षत्रे होती. तैत्तिरीय संहितेत कृत्तिकांपासून सुरू होणारी नक्षत्रांची यादी आहे, आणि कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत या शतपथ ब्राह्मणातील विधानावरून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ते निरीक्षण इ. स. पूर्व 3000 च्या सुमाराचे असावे असा निष्कर्ष काढला होता. दीक्षितांचा 1896 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा मराठी ग्रंथ या विषयात अजूनही टाळता येत नाही. त्यांच्या कालनिर्णयाबद्दल मतभेद आहेत. परंतु नक्षत्रचक्र हे मुळात चंद्राचे मार्गदर्शक होते, याबद्दल वाद नाही. चंद्र सुमारे 27.3 दिवसांत तारकांमधून एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे रोज साधारण एक नक्षत्र चालतो. याच निरीक्षणाला कथेचे रूप मिळाले. तैत्तिरीय संहितेत प्रजापतीच्या 33 कन्या सोमाला दिल्या जातात, तो केवळ रोहिणीकडेच जातो आणि त्याला क्षय जडतो. पुराणांत प्रजापतीच्या जागी दक्ष येतो आणि कन्यांची संख्या 27 होऊन नक्षत्रांशी तंतोतंत जुळते.

यवनांकडून आलेले राशिचक्र या जुन्या चक्रावर बसवावे लागले. 12 आणि 27 यांचा मेळ सहज बसणारा नाही. म्हणून प्रत्येक नक्षत्राचे चार चरण मानले गेले. त्यांची एकूण संख्या 108 होते आणि प्रत्येक राशीच्या वाट्याला नऊ चरण येतात. एक चरण म्हणजे तीन अंश वीस कला, आणि राशीचा नवमांशही नेमका तेवढाच. बाळाच्या नावाचे आद्याक्षर ज्या अवकहडा चक्रावरून काढतात, त्याचा पायाही हाच चरण आहे. दोन परंपरांमधील ही शिवण इतकी सफाईने घातलेली आहे की पत्रिका पाहणाऱ्याला ती जाणवतही नाही. रास आणि नक्षत्र ही एकाच शास्त्राची दोन मापे आहेत, असे तो धरून चालतो.

यवनप्रभावाचा मोठा पुरावा शब्दांचा आहे. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, जामित्र, लिप्ता हे शब्द ग्रीकमधून आले. राशींना क्रिय, तावुरि, जितुम अशी नावे आढळतात, ती ग्रीक राशिनामांची संस्कृत रूपे आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिर ‘बृहज्जातका’त ग्रहांची पर्यायनामे देताना सूर्याला हेलि, बुधाला हेम्न, मंगळाला आर, शनीला कोण आणि शुक्राला आस्फुजित् म्हणतो, त्यांमागे हेलिओस, हर्मिस, अरीस, क्रोनोस आणि आफ्रोदिती स्पष्ट दिसतात. गुरूच्या ‘जीव’ या नावाचा संबंध झ्यूसशी जोडला जातो, मात्र तो शब्द संस्कृत म्हणूनही उभा राहू शकतो. चंद्राच्या बाबतीत असा वादही उद्भवत नाही. सेलेनेचे कोणतेही रूप त्या यादीत नाही. तेथे चंद्र आहे आणि शीतरश्मी आहे. सातांपैकी केवळ एका ग्रहाला उसने नाव मिळू नये, याचे कारण उघड आहे. इतर ग्रहांना फलज्योतिषात नव्याने स्थान द्यायचे होते. चंद्र कालगणनेत, यज्ञाच्या तिथींत आणि कथांत आधीच प्रस्थापित होता.

नाव आले नाही, तरी त्या नावाचे लिंग मात्र आले. संस्कृतात चंद्र पुल्लिंगी, कथेत तो पती, ताराहरणाच्या प्रकरणात तर अपराधी प्रियकर. ग्रीक सेलेने आणि लॅटिन लूना स्त्रिया आहेत. टॉलेमीने आपल्या ‘टेट्राबिब्लोस’मध्ये चंद्र व शुक्र यांना स्त्रीग्रह मानले, वराहमिहिरही ग्रहांची विभागणी करताना या दोघांना युवती म्हणतो. माता-पित्यांच्या कारकत्वाचेही तसेच. दिवसा जन्म असल्यास सूर्य पिता व शुक्र माता, रात्री जन्म असल्यास शनी पिता व चंद्र माता, हा ‘बृहज्जातका’तील नियम टॉलेमीच्या मांडणीशी इतका जुळतो की दोहोंचा उगम स्वतंत्र मानणे कठीण आहे. यामुळे भारतीय जातकात एक विसंगती कायमची राहिली. सत्तावीस पत्नींचा नवरा पत्रिकेत आईचे प्रतिनिधित्व करतो. टीकाकारांनी ही विसंगती सोडवण्याचा फारसा खटाटोप केलेला दिसत नाही. कथा आणि शास्त्र आपापल्या जागी चालू राहिली, आणि परंपरा जिवंत असली की असे चालते.

मनाच्या बाबतीत दोन प्रवाह अधिक सहजपणे एकत्र आले. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मनातून चंद्र जन्मतो, आणि ऐतरेय उपनिषदात चंद्र मन होऊन हृदयात प्रवेश करतो. वराहमिहिराच्या कालपुरुषात सूर्य आत्मा आहे आणि चंद्र मन. तिकडे टॉलेमी आत्म्याच्या विवेकशील अंगाचा विचार बुधावरून आणि संवेदनशील, अविवेकी अंगाचा विचार चंद्रावरून करायला सांगतो. दोन्हींचे स्रोत वेगळे, तरी निष्कर्ष शेजारशेजारचे. येथे ‘मन’ या शब्दाबाबत सावध राहिले पाहिजे. भारतीय दर्शनांतील मन हे इंद्रियांनी आणलेले ज्ञान एकत्र करणारे, संकल्प-विकल्प करणारे अंतरिंद्रिय आहे. अलीकडच्या मराठी ज्योतिषलेखनात चंद्र म्हणजे भावना, हळवेपणा, मूड, असे जे समीकरण दिसते ते या जुन्या अर्थाचे आकुंचन आहे.

रूपांतराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चंद्राचे चार योग : सुनफा, अनफा, दुरुधरा आणि केमद्रुम. चारही शब्द ग्रीक मुळांचे आहेत. ग्रीक ज्योतिषात ‘सिनाफी’ म्हणजे चंद्राने दुसऱ्या ग्रहाकडे सरकत जाऊन त्याच्याशी साधलेला संपर्क, ‘दोरिफोरिया’ म्हणजे राजाभोवतीच्या भालाईतांप्रमाणे सूर्य-चंद्रांना लाभलेले ग्रहांचे सहचर्य, आणि ‘केनोद्रोमिया’ म्हणजे रिकाम्या वाटेने धावणे : पुढच्या तीस अंशांच्या वाटचालीत चंद्राला कोणीही भेटणार नसल्याची अवस्था. या कल्पना बहुतांशी गतीच्या आहेत. भारतीय ग्रंथांत त्यांना स्थानाचा अर्थ आला. चंद्राच्या दुसऱ्या स्थानी सूर्याखेरीज ग्रह असेल तर सुनफा, बाराव्या स्थानी असेल तर अनफा, दोन्हीकडे असतील तर दुरुधरा आणि दोन्ही रिकामी असतील तर केमद्रुम. चंद्र कुणाकडे चालला आहे हा प्रश्न मागे पडला. त्याच्या शेजारी कोण राहते, हा प्रश्न उरला. ‘केमद्रुम’ या शब्दात द्रुम आल्याने तो अस्सल संस्कृत भासू लागला, पण त्यातील वृक्षाचा योगाच्या अर्थाशी काहीच संबंध नाही.

एकदा शेजाराची व्यवस्था ठरल्यावर ती गणिताला सोपी होते. पाच ग्रहांपैकी एक किंवा अधिक ग्रह एका घरात येण्याचे 31 प्रकार होतात, म्हणून सुनफा व अनफा प्रत्येकी 31, आणि दोन्ही घरांत ग्रह असण्याचे 180. वराहमिहिराने हे आकडे अचूक दिले आहेत. चवथ्या योगाचे गणित त्याने केलेले नाही, पण ते करून पाहण्यासारखे आहे. पाच ग्रह बारा राशींत स्वैरपणे विखुरलेले मानले, तर चंद्राची दोन्ही शेजारघरे रिकामी असण्याची शक्यता शेकडा 40 च्या आसपास येते. राजवंशात जन्मूनही दारिद्र्य आणि परसेवा नशिबी आणणारा म्हणून वर्णिलेला योग पाचांपैकी दोघांच्या पत्रिकेत सापडावा, हे शास्त्राला झेपणारे नव्हते. त्यामुळे केमद्रुमाचे अपवाद ‘बृहज्जातका’तच येतात आणि पुढील ग्रंथांत वाढत जातात.

हे शब्द आले कोणत्या मार्गाने? 1978 मध्ये डेव्हिड पिंग्री यांनी स्फुजिध्वजाच्या ‘यवनजातका’चे संपादन प्रसिद्ध केले आणि ग्रीक मूळ ग्रंथाचे संस्कृत गद्य भाषांतर इ. स. 149-150 मध्ये, तर त्याचे पद्यरूप 269-270 मध्ये झाल्याचे मांडले. तीन दशके हे सन निर्विवाद मानून उद्धृत केले जात होते. बिल मॅक यांनी नव्या हस्तलिखिताच्या आधारे संबंधित श्लोकांचे पुनर्वाचन करून ते 2013 मध्ये अमान्य ठरवले. प्रभाव नाकारण्याचे कारण त्यातून मिळत नाही. त्याचे वेळापत्रक मात्र पुन्हा खुले झाले आहे.

एवढे सगळे असूनही चंद्राला मिळालेले अग्रस्थान ग्रीक देणगी म्हणता येत नाही. विंशोत्तरी दशा घ्यावी. मनुष्याचे आयुष्य 120 वर्षांचे मानून ते नऊ ग्रहांत वाटायचे, आणि सुरुवात कोठून करायची हे जन्मवेळी चंद्राने आपले नक्षत्र किती ओलांडले होते त्यावरून ठरवायचे. रोहिणीच्या मध्यावर चंद्र असताना जन्मलेल्या बालकाच्या वाट्याला चंद्राच्या दहा वर्षांपैकी पाच उरतात, मग मंगळाची सात, राहूची अठरा. आयुष्याचा सारा क्रम चंद्राच्या एका दिवसाच्या चालीतून उलगडतो. यामागे व्यावहारिक कारणही असावे. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. घड्याळ नसलेल्या घरात ती हमखास सांगणे अवघड. चंद्राची रास मात्र बहुधा बिनचूक सांगता येई. मराठी पत्रिकेत लग्नकुंडलीशेजारी राशिकुंडलीही मांडतात, तिचे एक प्रयोजन हेच.

भारतीय भाषांत या चंद्राची वाटणी मात्र सारखी झालेली नाही. केरळात वाढदिवस जन्मनक्षत्रावरून साजरा होतो, आणि त्रावणकोरच्या राजांची स्वाती तिरुनाळ, चित्तिरा तिरुनाळ ही नावे त्यांच्या जन्मनक्षत्रांची आहेत. मराठीत नक्षत्र हा शब्द दुभंगला. पाळण्याजवळचे नक्षत्र चंद्राचे, शेताच्या बांधावरचे सूर्याचे : मृग लागला म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस सूर्य त्या नक्षत्रात आला. रोजच्या भाषेत चंद्र आणखी खोलवर गेला आहे. साडेसाती म्हणजे चंद्रराशीच्या मागे, चंद्रराशीत आणि तिच्या पुढे शनीने घालवलेली साडेसात वर्षे. ज्याचा पत्रिकेवर विश्वास नाही तोही ती मागे लागल्याची तक्रार करतो. ‘तारांबळ’ हा शब्द विवाहमंत्रांतील ताराबल-चंद्रबलाच्या घाईघाईने होणाऱ्या उच्चारावरून आल्याचे सांगितले जाते. विवाहात या दोन बळांना खरोखरच मोठे महत्त्व आहे, कारण छत्तीस गुणांचे मेलन पूर्णपणे वधूवरांच्या चंद्रावरून होते.

आणि तेथेच चंद्राची स्थिती माणसांना सर्वाधिक महागात पडते. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला, आश्लेषेवर जन्मलेली सासूला, ज्येष्ठेवरची थोरल्या दिराला आणि विशाखेवरची धाकट्याला घातक, ही समजूत मराठी वधूपित्यांना अपरिचित नाही. चंद्र 27 पैकी चार नक्षत्रांत असताना जन्मलेल्या, म्हणजे दर सात मुलींपैकी सुमारे एक, या समजुतीच्या कक्षेत येतात. नियमाचा आधार म्हणून राम दैवज्ञाने 1600 मध्ये काशीत रचलेला ‘मुहूर्तचिंतामणी’ पुढे केला जातो. त्या ग्रंथात ज्येष्ठा आणि विशाखा यांच्याबाबत केवळ मुलीचा उल्लेख आहे. मूळ आणि आश्लेषा यांच्याबाबत मात्र कन्या आणि पुत्र या दोघांनाही तो दोष सांगितला आहे. पुत्राचा उल्लेख श्लोकात शाबूत राहिला. स्थळे पाहताना त्याची आठवण क्वचितच काढली गेली.