फिजिक्सवाल्याला कंपनीत काम असतं का?



"फिजिक्स घेतलंस, आता वाळूजच्या कंपनीत कोण घेणार?" संभाजीनगरात मला हे रोज ऐकावं लागतं. होमी भाभांच्या घरीही हाच सूर. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात जावं! त्यांनी इंजिनिअरिंग पूर्ण केलं, मग फिजिक्सच धरलं. पुढे १९४५ मध्ये टाटांच्याच मदतीने टीआयएफआर ही संशोधन संस्था काढली.

१९५५ साली जिनिव्हात ते म्हणाले, वीस वर्षांत फ्यूजन काबूत येईल. अंदाज साफ चुकला. फ्यूजन म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रं जोडून ऊर्जा काढणं, सूर्यात चालतं तसं. इथे त्याला १५ कोटी अंश लागतात, आणि तो तापलेला प्लाझ्मा धरून ठेवणारे चुंबक मात्र उणे २६९ अंशांवर! म्हणून फ्रान्सच्या ईटर प्रकल्पाला भारताने क्रायोस्टॅट दिला. सुमारे ३,८५० टनांचा थर्मासच म्हणा. त्याचे भाग एल अँड टीने हजिऱ्याच्या कारखान्यात बनवले.

कंपनीचंच काम ना हे? घरी हेच दाखवणार आहे.